जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालण्याआधी

मिरजेच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: "माझा २०१६ चा लॅपटॉप मदरबोर्ड गेल्यामुळं बंद पडला. त्यात १ टीबीची हार्ड डिस्क आहे. शाळेची कागदपत्रं आणि मुलांचे लहानपणापासूनचे फोटो तिच्यातच आहेत. घरात जुना डेस्कटॉपही आहे, तो चालतो, त्यात ५०० जीबीची डिस्क आहे. नव्या लॅपटॉपमध्ये जागा २५६ जीबीच. या दोन्ही डिस्क नव्या लॅपटॉपला बाहेरून लावून वापरता येतील का? मुलगा म्हणतो केसिंग आणू, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या."

ताई, येतील. मुलगाही बरोबर आहे आणि दुकानदारही, कारण दोघं वेगवेगळ्या कामाबद्दल बोलताहेत. जुन्या डिस्कमधला डेटा सुखरूप बाहेर काढणं हे एक काम, आणि ती डिस्क पुढं रोजच्या वापराला घेणं हे दुसरं. पहिल्या कामाला केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीनं बाहेरून जोडायचा छोटा डबा, पुरतं. दुसऱ्यासाठी आधी डिस्कची तब्येत बघावी लागते, आणि मुलांच्या फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर राहणार असेल तर मी नको म्हणेन. सांगलीत १९ वर्षं मी हेच काम करतो. डेटा गेला म्हणून माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी लोकांचं नुकसान जुनी डिस्क पहिल्यांदा बाहेरून जोडली त्या अर्ध्या तासातच झालेलं असतं. म्हणून त्या अर्ध्या तासाबद्दल सविस्तर लिहितो.

लॅपटॉप उघडताना चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, नसेल तर मागचं झाकण उघडल्या उघडल्या बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवा. हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. तिला कडेनं धरा, वरच्या झाकणावर अंगठ्यानं दाबू नका आणि खालच्या बाजूच्या बोर्डाला बोट लावू नका. काही लॅपटॉपमध्ये डिस्कच्या तोंडाला छोटा जोडतुकडा किंवा पट्टीची वायर असते. ती सरळ ओढली की निघते आणि आत साटाचं (आजच्या डिस्कच्या नेहमीच्या जोडणीचं) मूळ तोंड दिसतं: शेजारी शेजारी दोन खाचा, लहान खाचेत ७ पिना डेटासाठी, मोठीत १५ पिना विजेसाठी. हा जोडतुकडा न काढताच डिस्क केसिंगमध्ये ढकलायचा प्रयत्न करून, बसत नाही म्हणून केसिंग बदलून आणणारे लोक मी पाहिलेत. खाचांच्या जागी उभ्या पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती आयडीई, म्हणजे साटाच्या आधीच्या जोडणीची जुनी डिस्क. २०१६ च्या लॅपटॉपमध्ये ती असणार नाही, पण त्याहून बऱ्याच जुन्या मशीनमधून डिस्क काढणाऱ्यांनी दुकानात जाताना डिस्क सोबत न्यावी.

आतली डिस्क अशी सपाट चौकोनी असेल तर ती अडीच इंची. च्युइंगगमच्या पट्टीसारखा लांबट तुकडा असेल तर तो एम डॉट टू एसएसडी (फिरत्या चकत्या नसलेली, चिपवरची साठवण), आणि त्याला वेगळं केसिंग लागतं. त्यातही दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला दोन्ही सारखे, पण फक्त एनव्हीएमईसाठी बनवलेल्या केसिंगमध्ये साटाचा एसएसडी चालत नाही आणि उलटही नाही. दोन्ही चालवणारी केसिंग मिळतात, थोडे पैसे जास्त पडतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच झाळलेली असते. तिथं बाहेर काढण्यासारखं काही नसतंच.

आता ज्यांचा लॅपटॉप अजून चालू आहे आणि डिस्क काढायचा विचार आहे त्यांच्यासाठी, आणि ताई, तुमच्या नव्या लॅपटॉपसाठीही. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हेच काम बिटलॉकर करतो. अशी डिस्क काढून दुसरीकडं लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क कितीही ठणठणीत असली तरी आतलं एक अक्षर वाचता येत नाही, माझ्यासारख्यालाही नाही आणि मोठ्या लॅबलाही नाही. ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. तिथून ती आजच कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा.

केसिंगचं म्हणाल तर अडीच इंची डिस्कसाठी यूएसबी ३.० चं घ्या. चांगलं केसिंग साधारण पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान येतं. स्टॉलवर शे-दीडशेला मिळतं ते घेऊ नका. अडीच इंची डिस्क जाडीला ७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर असतात. ७ ची पातळ डिस्क केसिंगमध्ये खुळखुळते, म्हणून सोबत येणारी स्पंजची पट्टी फेकू नका, ती बसवायचीच असते. जमल्यास टाईप सी तोंडाचं घ्या. यूएसबी ३.० च्या जुन्या रुंद चपट्या पिनेचं तोंड वर्षा-दोन वर्षांत सैल होतं. मग नुसता धक्का लागला तरी चालू कॉपी मध्येच तुटते.

यापुढची गोष्ट विजेची, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथंच सुरू होतात. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळं वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीच्या वायरीतूनच तिला वीज मिळते. यूएसबी २.० च्या पोर्टनं नियमानुसार द्यायचा करंट ५०० मिलिअँपिअर, ३.० नं द्यायचा ९००. डिस्कच्या लेबलवर तिची गरज छापलेली असते, पण डिस्क सुरू होताना, म्हणजे आतल्या चकत्या थांबलेल्या अवस्थेतून मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत जाताना, ती काही सेकंद १ अँपिअरच्या आसपास ओढते. पोर्ट कमजोर असेल, वायर लांब आणि बारीक असेल, मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) असेल, तर एवढा करंट पोचत नाही.

तासगावचे एक बेदाणा व्यापारी चार वर्षांपूर्वी माझ्याकडं डिस्क घेऊन आले. दोन ठिकाणी त्यांना हार्ड डिस्क गेली असं सांगितलं होतं आणि डेटा काढायचा मोठा खर्च ऐकवला होता. मी केसिंग तळहातावर ठेवलं आणि त्यांचीच वायर लावली. चकत्या फिरायला लागल्याची बारीक थरथर हाताला लागली, ती वाढली, मग 'टक्' असा आवाज येऊन सगळं शांत झालं. दोन सेकंदांनी पुन्हा थरथर, पुन्हा टक्. दिवा मात्र सारखा पेटलेला. वायर दीड-दोन मीटरची होती आणि मोबाईलच्या चार्जिंगच्या वायरीइतकी बारीक. मी ती काढून माझी वीतभर लांबीची जाड वायर लावली आणि डिस्क डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला जोडली. थरथर वाढत गेली, स्थिर झाली आणि दहा सेकंदांत फोल्डर उघडला. तीन वर्षांचे हिशेब जसेच्या तसे होते.

तेव्हा तुमची डिस्क टक् टक् करायला लागली तर लगेच काढा, वायर आणि पोर्ट बदलून एकदाच बघा. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हब नको. त्यानंतरही आवाज तसाच राहिला तर थांबा. तो आतल्या हेडचा, म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणाऱ्या भागाचा, आवाज असू शकतो, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात बिघडलेलं हेड चकतीवर ओरखडे काढू शकतं. तिथून पुढं ते काम धूळमुक्त स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं, माझ्यासारख्या दुकानदाराचं नाही. घरी डिस्कचं झाकण उघडायचा विचारही करू नका. हेड आणि चकतीतलं अंतर इतकं कमी असतं की धुळीचा कणसुद्धा त्यात मावत नाही.

याच ओघात आमच्या भागापुरतं एक सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरात पाण्यात गेलेले किती कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आले याची मोजदाद नाही. त्यांतले बरेच जण डिस्क उन्हात वाळवून, केस वाळवायच्या मशीननं हवा मारून, मग जोडून बघून आले होते. बहुतेक हार्ड डिस्कना हवा आत-बाहेर व्हायला बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत जातं. वाळलं की तो गाळ चकतीवर चिकटतो आणि वीज दिली की हेड त्यावर आपटतं. पुरात भिजलेली डिस्क वाळवू नका, जोडू नका. आहे तशी ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबकडं न्या.

डिस्क नीट सुरू झाली की विंडोजमध्ये ड्राईव्हची एक-दोन नवी अक्षरं दिसतील, ई किंवा एफ. इथं विंडोज दोन प्रश्न विचारू शकतं, आणि दोन्हींचं उत्तर 'कॅन्सल' आहे. एक, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' दुसरा, डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधलंच डिस्क हाताळायचं साधन) उघडल्यावर येणारा 'डिस्क इनिशियलाईझ करा' हा. दोन्हींचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या डिस्कची रचना वाचता येत नाही. कारणं अनेक असतात. डिस्क मॅक किंवा लिनक्सची असेल, रचनेच्या नोंदी खराब झाल्या असतील, किंवा केसिंगच गोंधळ घालत असेल. काही केसिंगची चिप डिस्कचे सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) मूळ मापापेक्षा वेगळ्या मापात दाखवते, त्यामुळं एका केसिंगमध्ये भरलेली डिस्क दुसऱ्यात कोरी दिसते. 'हो' दाबलंत की हातानं डेटा पुसायला सुरुवात झाली.

अक्षरच दिसलं नाही तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बघा. तिथं डिस्क दिसत असेल, भाग निळ्या पट्टीत आणि एनटीएफएस लिहिलेला असेल, तर त्याला फक्त अक्षर द्यायचं राहिलंय. जुन्या विंडोजच्या यूझर फोल्डरवर क्लिक केल्यावर 'परवानगी नाही' असं येईल. 'कंटिन्यू' दाबलं की ते उघडतं, पण त्यासाठी विंडोज आतल्या एकेका फाईलच्या परवानग्या बदलत बसतं, त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या, मध्येच वायर उपटू नका.

कॉपी करायच्या आधी डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते टाका. मोठ्या अक्षरातला 'गुड' बघून थांबू नका, खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झालेले आणि डिस्कनं आपल्या राखीव साठ्यातून बदलून घेतलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येईना म्हणून लटकत राहिलेले. सी६ म्हणजे तपासूनही न सुधारलेले. आकडे सहसा सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणून ए, बी, सी अशी अक्षरं दिसली तर गोंधळू नका, शून्य आहे की नाही एवढं बघा. ०५ मध्ये थोडेसे आकडे असतील आणि महिनोन्महिने तेवढेच राहत असतील तर ती डिस्क मी दुय्यम कामाला वापरू देतो. सी५ शून्य नसेल तर त्या डिस्कवरून डेटा काढायचा आणि तिला कामावरून काढायचं. सी७ वाढत असेल तर डिस्क निर्दोष असू शकते, दोष वायरीत किंवा जोडणीत बघायचा. काही स्वस्त केसिंगची चिप ही माहिती पुढं पाठवतच नाही. शे-दीडशेचं घेऊ नका म्हणालो त्याचं हेही एक कारण.

सी५ मध्ये आकडे दिसल्यावर लोक पहिली गोष्ट करतात ती चेकडिस्क, हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन, चालवायची. कृपा करून करू नका. चेकडिस्क फाईलींची रचना दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, नोंदी बदलतं, आणि अडखळणाऱ्या डिस्कला तासन् तास राबवतं. तुम्हाला फोटो हवेत, डिस्कची दुरुस्ती नको आहे. आधी जे सगळ्यात मोलाचं आणि आकारानं लहान ते काढा. मुलांचे फोटो, शाळेचे दाखले, आधार-पॅनच्या स्कॅन प्रती. सिनेमे आणि गाणी शेवटी, राहिली तर राहिली. एकच फोल्डर सारखा अडकत असेल तर तो सोडून पुढं जा.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ती सहसा कुणी सांगत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेली असतील तर फक्त फाईली आणून भागत नाही. नव्या लॅपटॉपवर त्या उघडल्या की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि माणसाला वाटतं फाईल खराब झाली. फाईल चांगली असते, फॉन्ट मागं राहिलेला असतो. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, तो अख्खा उचलून आणा. कृतिदेव, शिवाजी त्यातून बसवता येतात. श्रीलिपीसारखं परवान्याचं सॉफ्टवेअर मात्र पुन्हा रीतसर टाकावं लागेल. टॅलीचंही तसंच. डेटाचा फोल्डर येतो, प्रोग्रॅम जुन्या डिस्कवरून तसाच चालवायचा नसतो.

सगळं कॉपी झालं, दहा-वीस फोटो आणि फाईली उघडून खात्री केली, तर मग जुनी डिस्क पुसून बाहेरची साठवण म्हणून तयार करायची. इथं 'क्विक फॉरमॅट' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात विंडोज डिस्कच्या प्रत्येक भागावर लिहितं, म्हणून तीच तिची परीक्षा होते. १ टीबीला यूएसबी ३.० वर सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं तीन तासांच्या आसपास लागतात. यूएसबी २.० वर आठ तास धरा. लाईटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरून ठेवा. झाल्यावर ०५ आणि सी५ पुन्हा बघा. आकडा हलला नसेल तर डिस्क वापरायला हरकत नाही.

फॉरमॅट करताना फाईल सिस्टीमचा, म्हणजे डिस्कवरच्या रचनेचा, प्रकार कोणता निवडायचा? फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. वायर मध्येच निघाली तरी बदलांच्या नोंदीवरून तो स्वतःची रचना सावरू शकतो, एक्सफॅटला ती सोय नाही. घरात मॅक असेल तर एक्सफॅटच घ्या, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहीत नाही. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही.

वापरताना डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि चालू असताना उचलू नका. बंद हार्ड डिस्क बऱ्यापैकी धक्का सोसते, फिरणारी सोसत नाही. गादीवर, उशीवर ठेवू नका, गरम होते. काढताना 'इजेक्ट' करा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत पेनड्राईव्ह, बाहेरच्या डिस्क इजेक्ट न करता काढता याव्यात अशी मांडणी असते हे खरं, पण फिरणाऱ्या डिस्कला हेड जागेवर नेऊन ठेवायला वीज लागते. इजेक्ट करा, थरथर थांबेपर्यंत दहा सेकंद थांबा, मग बॅगेत टाका. 'डिस्क वापरात आहे' असं सांगून इजेक्ट होतच नसेल तर लॅपटॉप बंद करून काढा.

आता डेस्कटॉपची ५०० जीबी. ती साडेतीन इंची. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून अडॅप्टरवालं केसिंग किंवा डॉक (डिस्क वरून खोचायचा उघडा स्टँड) घ्यावा लागतो. अडॅप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा हवा. घरात पडलेला राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असला तरी बहुधा अर्ध्या किंवा १ अँपिअरचा असतो, त्यावर डिस्क गुरगुरते आणि बसते. त्याहून वाईट म्हणजे लॅपटॉपच्या काही १९ व्होल्टच्या चार्जरची पिन डॉकच्या भोकात नेमकी बसते. तशा जळालेल्या डिस्क माझ्याकडं येतात, आणि येताना घरातल्यांना काय झालं ते ठाऊकही नसतं. ज्यांच्याकडं डॉक आहे त्यांनी त्याच्या अडॅप्टरवर मार्करनं मोठ्या अक्षरात 'डिस्क' लिहून ठेवावं.

तुम्ही मात्र त्या डिस्कसाठी काही विकत घेऊ नका. एवढ्या जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर दीड-दोन हजारांचा डॉक घालणं मला पटत नाही. डेस्कटॉप चालू आहे ना? मग डिस्क त्यातच राहू द्या. लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून, तपासून, पुसून तयार झाली की ती डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या लांब वायरीवर असतात, तिथं वीज कमी पडते. 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर करून हवं ते त्यात उतरवून घ्या. पोर्ट यूएसबी २.० असला तरी पूर्ण ५०० जीबी चार-साडेचार तासांत येतात, आणि तुमचा डेटा तेवढा नसणार.

आणि दुकानदार म्हणतो ती नवीन डिस्कही घ्या, फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी. ती घेण्याआधी नव्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघून आत एम डॉट टूची एखादी जागा रिकामी आहे का ते विचारा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. असली तर त्यात ५०० जीबीचा किंवा १ टीबीचा एसएसडी बसवून घ्या. मग फोटोंची एक प्रत लॅपटॉपमध्येच राहील, दुसरी केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर, आणि ते काम दुकानात अर्ध्या तासाचं आहे. जागा नसेल तर बाहेरची नवी डिस्क घ्या. जुनी डिस्क पुसायच्या आधी नवी हातात आलेली असू द्या, कारण २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये १ टीबीतलं सगळं तात्पुरतंसुद्धा मावणार नाही.